थांबायला शिकवण्याची नोकरी

निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने मी घरात फारसं बोललेच नाही. मुलाला काळजी वाटली. म्हणाला, "आई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "बरं आहे रे. घसा सुट्टीवर आहे." सोलापूरच्या पूर्वभागातल्या महापालिकेच्या शाळेत सगळी नोकरी झाली, आणि त्यातली बहुतेक वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गावर. आमच्या शाळेच्या भिंतीला लागूनच यंत्रमागाचं शेड. दिवसभर खटखट चालू. त्या आवाजावर आपला आवाज चढवायचा, तर दुपारनंतर घशातून नुसती हवा यायची.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणाले, तेव्हा पहिला विचार आला की लिहायचं काय? पहिलीच्या बाईच्या आयुष्यात काय घडतं? अ अननसाचा, आ आईचा. लोकांना वाटतं, बाई मुळाक्षरं शिकवतात. मुळाक्षरं तर शिकवतोच; पण ती शिकवायची वेळ यायच्या आधीच आमची निम्मी ताकद संपलेली असते. ती कशात जाते, ते सांगते.

समजा मी वर्गात म्हटलं, "पाटी काढा, वर तुमचं नाव लिहा आणि खाली घराचं चित्र काढा." सहा वर्षांच्या मुलाला ह्या तीन गोष्टी डोक्यात धरून ठेवायच्या असतात. पाटी काढेपर्यंत घर विसरतं. शेजारच्याची पेन्सिल खाली पडते, ती बघताना नाव विसरतं. मग ते मूल इकडेतिकडे बघत बसतं आणि बाईला वाटतं, ऐकतच नाही. ऐकलेलं असतं, धरून ठेवता आलेलं नसतं. दुसरं म्हणजे हात आवरणं. समोर पेढा ठेवला आणि "सगळ्यांना मिळाल्यावर खायचा" म्हटलं, की काही मुलं पेढ्याकडे बघत हाताची घडी घालून बसतात आणि काहींच्या तोंडात तो गेलेला असतो. आणि एक चालू असलेलं सोडून दुसऱ्याकडे वळणं. आत्ता बेरीज करत होतो, आता वजाबाकी. हे ज्यांना येतं, ती मुलं दिवाळीपर्यंत वाचायला लागतात. ज्यांना येत नाही, ती हुशार असली तरी मागे पडतात, आणि तिसरीपर्यंत त्यांच्या नावापुढे 'मठ्ठ' लागलेलं असतं. एकदा लागलं की ते निघत नाही. मी काढायचा प्रयत्न केलेला आहे, म्हणून सांगते.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका प्रशिक्षणात तरुण मार्गदर्शकांनी ह्याला 'कार्यकारी कौशल्यं' असा शब्द सांगितला. माझ्या शेजारी बसलेल्या शेख बाई कुजबुजल्या, "कार्यकारी म्हणजे? हे कार्यकारी अभियंत्याचं खातं दिसतंय." आम्ही हसलो, पण त्या मार्गदर्शकांनी जे सांगितलं ते खरं होतं आणि नीट समजावून सांगितलं होतं. मला नुसतं वाटलं, हा शब्द थोडा आधी मिळाला असता तर एका बापाशी बोलताना उपयोगी पडला असता.

त्या बापाचं नाव व्यंकटेश. टॉवेलच्या कारखान्यात मागावर कामाला. त्याच्या बायकोचं नाव रेणुका, ती घरी बिड्या वळायची. घरात तेलुगू बोलायचे, बाहेर मराठी. त्यांच्या जुळ्या मुली एका जूनमध्ये माझ्या पहिलीच्या वर्गात आल्या. श्रीजा काही मिनिटांनी मोठी, म्हणून धाकटी लावण्या तिला अक्का म्हणायची. तोंडावरून फरक कळायचा नाही, पण वर्गात पाय टाकताच कळायचा. श्रीजा दारात थांबायची, चपला जोडून ठेवायची, मग आत यायची. लावण्याची एक चपल दारात आणि एक फळ्याखाली.

लावण्या मोठ्यानं बोलायची. मागाच्या घरातली पोरं मोठ्यानंच बोलतात, त्याचं मला काही वाटायचं नाही. पण मी प्रश्न पूर्ण करायच्या आत तिचं उत्तर यायचं, आणि ते दुसऱ्याच प्रश्नाचं असायचं. आम्ही 'चिमणी उड' खेळायचो. सगळ्यांनी बोट जमिनीवर टेकवायचं, "चिमणी उड" म्हटलं की बोट वर, "कावळा उड" म्हटलं की वर, आणि "म्हैस उड" म्हटलं की वर करायचं नाही. जो करेल तो बाद. लावण्या रोज पहिल्या फेरीत म्हैस उडवायची. तिला म्हैस उडत नाही हे चांगलं माहीत होतं. बोट वर गेल्यावर स्वतःच कपाळावर हात मारायची.

तरीही त्या वर्षी ती वर्गात टिकली, ती श्रीजामुळे. दोघी शेजारी बसायच्या. लावण्या उठायला लागली की श्रीजा तिच्या गुडघ्यावर हात ठेवायची आणि हळूच म्हणायची, "आगु." तेलुगूत आगु म्हणजे थांब. पाटी काढायला सांगितलं की श्रीजा तिला पुन्हा सांगायची, आधी पाटी, मग नाव, मग घर. मी दुरून बघायचे आणि मनात म्हणायचे, लावण्याचा ब्रेक श्रीजाच्या हातात आहे. त्या ब्रेकच्या जोरावर वर्ष निघालं. श्रीजा दोन अक्षरी शब्द वाचायला लागली, लावण्या निम्मी अक्षरं ओळखायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला व्यंकटेश शाळेत आला. केसांत सुताचे कण, हातात हेल्मेट. म्हणाला, "बाई, तुमच्याशी बोलायचंय." शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका इंग्रजी शाळेत दोघींना घेऊन गेला होता. तिथल्या मॅडमनी मुलींशी गप्पा मारल्या. गप्पा म्हणायच्या, होती ती परीक्षाच. श्रीजा खुर्चीत बसून राहिली, विचारलेले रंग सांगितले, दहापर्यंत आकडे म्हटले. लावण्यानं टेबलावरची घंटा वाजवली, मग कोपऱ्यातल्या माशांच्या पेटीकडे पळाली, आणि रंग विचारल्यावर माशांची नावं विचारायला लागली. शाळेनं सांगितलं, एकीला घेतो.

"आता तुमीच सांगा बाई. एकीला घालू का?"

मी म्हटलं, "व्यंकटेशराव, दोघींना एवढ्यात वेगळं करू नका. एक वर्ष थांबा. धाकटी हुशार आहे, तिला फक्त आवरता येत नाही. ते शिकवता येतं. वेळ लागतो."

त्यानं हातातलं हेल्मेट खाली ठेवलं. मग म्हणाला, "आमच्या घरात थांबून कुणाला काय मिळालं बाई? माझा बाप मालकाच्या दारात थांबला, त्याच दारात मी थांबतो. आता एकीला तरी पुढं जाऊ द्या की."

बाईचं काम सांगायचं असतं, आणि निर्णय बापाचा असतो. त्यानं नेहमीचं कारण दिलं असतं, बाई तुम्हाला काय कळतं, तर मी भांडले असते. हे कारण खरं होतं.

जूनमध्ये श्रीजा टाय लावून इंग्रजी शाळेत गेली, पुन्हा पहिलीत. लावण्या माझ्याबरोबर दुसरीत आली. सकाळी व्यंकटेश दोघींना मोटरसायकलवर घेऊन निघायचा. आधी श्रीजाला सोडायचा, मग परत फिरून लावण्याला आमच्या फाटकात.

पहिल्या दिवशी लावण्यानं शेजारच्या जागेवर दप्तर ठेवलं आणि कुणाला बसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्यानं दप्तर काढलं, पण तिथं बसणाऱ्या पोरीला दिवसातून चारदा चिमटे. एकही गोष्ट धड होईना. ओळीत उभी राहीना, वही अर्धी लिहून फेकायची, खिचडीच्या रांगेत सगळ्यांना ढकलून पुढे. मी शेवटी घरी गेले. रेणुका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसली होती. हात चालूच, डोळे माझ्याकडे.

"ही पोरगी अशी का झाली बाई? दोघी एकाच पोटातल्या. ती शानी, ही अशी."

मी म्हटलं, "मलाही माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं. एकच घर, एकच आई, एकच जेवण. एकीला थांबता येतं, दुसरीला नाही. इतक्या वर्षांत मला ह्याचं कारण सापडलेलं नाही, आणि ज्यांना लगेच सापडतं त्यांचा मला हेवा वाटतो.

पावसाळा संपता संपता ती एक दुपार आली. खिचडी झाली, मुलं वर्गात आली, मी हजेरी डोळ्यांनी घेतली आणि लावण्या नव्हती. संडासात नाही, मैदानात नाही, मागाच्या शेडच्या दारात नाही. बाहेर रस्त्यावर ट्रक, रिक्षा, उसाचे ट्रॅक्टर. वर्ग शेख बाईंवर सोपवून मी आसपासच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, त्यात दोन तास गेले, आणि मग तिच्या घरी धावले. रेणुकानं सूप खाली ठेवलं. एकच वाक्य बोलली, "अक्काकडं गेली असंल."

"तिला रस्ता कुठं माहीत?"

"रोज जाती की बाई गाडीवर."

रिक्षा केली. रेणुका वाटभर पदराचं टोक चावत होती. मी दोन्ही बाजूंचे फुटपाथ बघत होते, आणि खोटं कशाला सांगू, प्रत्येक गर्दीत मला अपघात दिसत होता.

इंग्रजी शाळेच्या फाटकापाशी लिंबाचं झाड होतं. त्याखाली लावण्या उभी होती. ताठ. अनवाणी, एक चपल वाटेत तुटली होती, म्हणून दोन्ही हातात धरलेल्या. ओठ हलत होते. फाटकावरचे वॉचमनमामा मला बघून म्हणाले, "तुमची हाय का ही पोरगी? दुपारधरनं हितंच उभी हाय. पानी देतो म्हनलं तर नको म्हनली. खुर्चीवर बस म्हनलं तर न्हाय. अक्का येनार हाय, एवडंच म्हनती. लई शांत पोरगी हाय बगा."

लई शांत पोरगी! मी जवळ गेले तेव्हा ती काय पुटपुटत होती ते ऐकू आलं. "आगु, लावण्या, आगु." श्रीजाच्याच आवाजात, श्रीजाच्याच सुरात. आई दिसली तरी ती जागची हलली नाही. मी विचारलं, "कशी आलीस ग?" तर म्हणाली, "पाण्याची टाकी, मग मारुती, मग पेट्रोल पंप." जिला पाटी, नाव आणि घर धरून ठेवता येत नव्हतं, तिनं हे तिन्ही डोक्यात धरून अर्धं सोलापूर ओलांडलं होतं.

तेवढ्यात घंटा झाली. मुलं रांगेनं बाहेर यायला लागली. रांगेच्या शेवटी श्रीजा. तिनं बहिणीला पाहिलं. लावण्या एका झेपेत फाटकातून आत. श्रीजा मात्र रांगेतच उभी. लावण्या तिला ओढत होती, हलवत होती, श्रीजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण पाय ओळीतून बाहेर येईनात. मिस म्हणाल्या, "गो, श्रीजा," तेव्हा ती निघाली. त्या वेळी मला तिचं कौतुक वाटलं. केवढा संयम, असं मी रेणुकाला म्हणालेही.

निरोप मिळताच व्यंकटेश कारखान्यातून तसाच आला. आल्या आल्या त्यानं लावण्यावर हात उगारला. मी मध्ये उभी राहिले. "मारायचं असेल तर आधी ऐका. ही दुपारपासून एका जागी उभी आहे. ह्याच शाळेनं हिला बसता येत नाही म्हणून घेतलं नाही ना?"

त्यानं हात खाली घेतला. मग फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसला आणि लावण्याची तुटकी चपल हातात घेऊन उलटसुलट बघत राहिला. "ट्रक हायत बाई ह्या रस्त्यानं," एवढंच म्हणाला. लावण्या त्याच्या पाठीला चिकटून उभी राहिली.

त्या दुपारपासून माझं शिकवणं थोडं बदललं. मला कळलं की ह्या पोरीला थांबता येत होतं. फक्त थांबल्यावर काय मिळणार ते तिला डोळ्यांसमोर दिसावं लागत होतं. आम्ही मोठी माणसं पोरांना थांब म्हणतो, आणि नंतर विसरून जातो. मी फळ्याच्या कोपऱ्यात रोज दोन चित्रं काढायला लागले, आधी काय आणि मग काय. आधी वाचन, मग मैदान. आणि कितीही उशीर झाला तरी मैदान चुकवायचं नाही, हा नियम मी स्वतःला घातला. दुसरं, मुलांना म्हटलं, मनातल्या मनात जमत नसेल तर तोंडानं बोला. स्वतःला सांगा. लावण्या तर सांगतच होती. गणित करताना तिचा हात तिच्याच गुडघ्यावर असायचा आणि ओठ हलायचे. हळूहळू सगळा वर्ग पुटपुटायला लागला. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "बाई, वर्गात शिस्त कमी आहे." मी म्हटलं, "हो साहेब." काय काय समजावणार! त्यांना अजून तीन शाळा करायच्या होत्या.

चमत्कार वगैरे झाला नाही. एक आठवडा बरा जायचा, पुढच्या आठवड्यात पुन्हा कुणाच्या तरी डब्यात हात. सणाची सुट्टी झाली की सगळं पहिल्यापासून. मला रोज संध्याकाळी वाटायचं, चाळीस मुलांत एकीसाठी एवढा जीव आटवायचा, तर बाकीच्यांचं काय? पण दुसरी संपताना लावण्यानं धडा वाचला. बोट ठेवून, अडखळत, पानाच्या शेवटपर्यंत. वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं आणि जागेवर बसून राहिली. मला खुर्चीतून उठवत नव्हतं इतकी मी दमले होते, म्हणून तिला जवळ बोलावून पाठीवर हात ठेवला.

श्रीजाला व्यंकटेशनं वयानुसार थेट तिसरीत आमच्याकडे परत आणलं. इंग्रजी शाळेच्या प्रगतिपुस्तकात सगळीकडे 'शांत, गुणी मुलगी' असा शेरा होता, आणि वाचता कुठल्याच भाषेत येत नव्हतं. पहिलीत मिळवलेली मराठी अक्षरंही पुसट झालेली. मी विचार केला तेव्हा लक्षात आलं, ती लावण्याला सांगता सांगता स्वतः लक्षात ठेवत होती. तिकडे सांगायला कुणी नव्हतं आणि वर्गात बोलायची मुभा नव्हती. तिसरीच्या बाई दुसऱ्या होत्या. त्यांनी चांगलं सांभाळलं. श्रीजा पुन्हा वाचायला शिकली, दर वर्षी पास होत गेली. कधी कुणाची तक्रार नाही. मीही तिच्या बाजूनं निश्चिंत झाले.

ह्या जूनमध्ये दोघी माझ्या घरी आल्या. दहावी झाली, पेढे घेऊन. दोघी पास, लावण्याला थोडे जास्त, श्रीजाला थोडे कमी. लावण्या आल्यापासून बोलत होती. तिला नर्सिंगला जायचं होतं, फॉर्म कुठे मिळतो, मैत्रीण कुठल्या कॉलेजात जाणार, बाबांनी नवीन गाडी कशी घेतली. मध्येच थांबून म्हणाली, "बाई, मी लई बोलतेय का?" आणि पुन्हा सुरू. श्रीजा हसत होती. मी विचारलं, "तुझं काय ठरलं ग?" ती म्हणाली, "बाबा म्हणतील तसं."

निघताना लावण्या आधी जिना उतरली, रिक्षा थांबवायला. श्रीजा दारात वाकून चपलांचे पट्टे लावत होती. वर न बघताच म्हणाली,

"बाई, त्या इंग्रजी शाळेत मी एकदापण चुकले नव्हते."

मी म्हटलं, "माहीत आहे मला. गुणी होतीस तू."

"तसं नाही बाई. मी काही केलंच नव्हतं. पाटी काढायला सांगितली तर काढायची. पुढचं कुणी सांगितलं नाही तर बसून राहायची. दिवसभर. कुणाला कळलंच नाही."

पट्टा लागला होता, तरी ती वाकलेलीच होती. जी मुलं धावतात त्यांना थांबवण्यात माझी सगळी वर्षं गेली. जी मुलं निघतच नाहीत, ती माझ्या वर्गातही असतील, पहिल्या बाकावर, हाताची घडी घालून. त्यांचे चेहरे आठवायचा मी आता प्रयत्न करते. आठवत नाहीत. लावण्यासारखे सगळे आठवतात.

खालून हाक आली, "अक्का, चल की! रिक्षा उभी आहे!"

श्रीजा सरळ झाली, पण जिन्याकडे वळली नाही. मी दार पुरतं उघडलं आणि म्हटलं, "ये आत. चपला पायातच राहू देत."

ती आत आली, चपलांसकट, आणि माझ्यासमोर बसली. मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "मला शिवण शिकायचंय बाई. घरी अजून कुणाला सांगितलं नाही."